खिचडी शाळेत शिजवावी की मध्यवर्ती स्वयंपाकघरातून आणावी?

शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका ताईंना हा प्रश्न पडलाय. पीएम पोषण, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाची सरकारी योजना, हिचे नियम दोन्हीकडे सारखेच: पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम. फरक आहे तो शिजवण्यात आणि पोचवण्यात.

खर्च बघा. मोठ्या स्वयंपाकघरात घाऊक खरेदी आणि वाफेची मोठी भांडी यांमुळे ताटामागचा खर्च उतरतो, पण गाडी, डिझेल आणि डबे वाढतात. शाळा विखुरलेल्या असतील तर तो फायदा रस्त्यातच संपतो.

चवीत शाळेची चूल पुढे. ताटात पडते ती गरम खिचडी. मुलं कमी जेवली तर स्वयंपाकीण ताईंना त्याच दिवशी कळतं. डब्यातली तासाभराने गोळा होते. मुलांनी टाकलेल्या अन्नातली प्रथिनं कागदावरच राहतात, हे हिशेबात कुणी धरत नाही!

स्वच्छता? मध्यवर्ती ठिकाणी तपासणी सोपी, पण एक चूक झाली की अनेक शाळांना बाधते. शाळेत धोका तेवढ्यापुरता; मात्र धान्य साठवणं, पाणी, गॅस यांमागे गुरुजींचा वेळ जातो. वाढण्याआधी मोठ्यांनी चव घेणं दोन्हीकडे सक्तीचं.

जागा नसलेल्या, दाटीतल्या शहरी शाळांनी मध्यवर्ती स्वयंपाकघर घ्यावं. गावात, पाड्यावर, पाणी आणि शेड असेल तिथे शाळेतच शिजवणारा स्थानिक बचत गटच बरा. मजुरीही गावातच राहते.