आमदार निवडायचे कसे? तीन पद्धती समोरासमोर

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शरद पवारांच्या राष्ट्रवादीला ११.२८ टक्के मते आणि १० जागा मिळाल्या. अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ९.०१ टक्के मते आणि तब्बल ४१ जागा! पहिल्या पक्षाने जास्त जागा लढवल्या होत्या हे खरे, पण मतमोजणीत कुठलाही घोळ नव्हता. 'सर्वाधिक मते तो विजयी' या नियमात हरलेल्याची सगळी मते हिशेबाबाहेर जातात, मग ती पाचशेने कमी असोत की पन्नास हजारांनी. २०१४ ला बसपला देशभरात चार टक्क्यांहून जास्त मते मिळाली आणि लोकसभेत एकही खासदार आला नाही. तरीही या पद्धतीची एक बाजू भक्कम आहे: नळाला पाणी नाही, दाखला अडलाय, तर कुणाच्या दारात जायचे हे मतदाराला नेमके ठाऊक असते.

दुसरा पर्याय पसंतीक्रमाचा: मतदार उमेदवारांना १, २, ३ असे क्रम देतो. आयर्लंडमध्ये १९२२ पासून हीच पद्धत आहे, एका मतदारसंघातून तीन ते पाच जण निवडून येतात. ती मोडण्याचा प्रस्ताव तिथल्या जनतेने १९५९ आणि १९६८ अशा दोन्ही सार्वमतांत फेटाळला. आपल्यालाही ती नवी नाही. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत सहाव्या जागेसाठी संजय पवारांना पहिल्या पसंतीची मते जास्त होती, पण जिंकले धनंजय महाडिक. भाजपच्या इतर दोन उमेदवारांची कोट्यावरची, म्हणजे जिंकायला लागतात त्याहून जास्तीची, मते पुढच्या पसंतीनुसार महाडिकांकडे वळली. आमदारांना हे गणित जमते. कोट्यवधी मतदारांसाठी मात्र ते अवघड आहे. आपल्या मतदान यंत्रावर क्रमांक देण्याची सोयच नाही, आणि पदवीधर मतदारसंघात कागदी मतपत्रिका, जांभळा पेन, बाद मते आणि रात्रभर चालणारी मोजणी हा अनुभव दरवेळचाच. पक्षातला नकोसा उमेदवार मतदाराला स्वतः मागे टाकता येतो, हा मोठा फायदा मान्य करूनही मी विधानसभेसाठी ही पद्धत सुचवणार नाही.

तिसरा पर्याय मिश्र पद्धतीचा, आणि माझा कल इकडे आहे. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ अशा सलग दोन निवडणुकांत लेबर पक्षाला मते जास्त मिळाली आणि सत्ता नॅशनल पक्षाकडे गेली. अखेर १९९३ च्या सार्वमतात लोकांनी पद्धतच बदलली. आता मतदार दोन मते देतो: एक आपल्या भागातल्या उमेदवाराला, दुसरे पक्षाला. कुठल्या पक्षाच्या एकूण जागा किती, हे दुसरे मत ठरवते. मतदारसंघांत कमी पडलेल्या जागा पक्षाने दिलेल्या उमेदवारांच्या यादीतून भरून मिळतात.

पण इथे फसगत होते ती 'मिश्र' या नावाने. नेपाळची पद्धतही मिश्रच: १६५ थेट, ११० यादीतून. फक्त तिथे दोन्ही हिशेब वेगळे चालतात, एकातली तूट दुसऱ्यातून भरत नाही. २०१७ ला एमाले (तिथला कम्युनिस्ट पक्ष) आणि नेपाळी काँग्रेस यांची यादीतली मते ३३ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ सारखी. एमालेची माओवाद्यांशी युती होती, त्यामुळे थेट जागा ८० विरुद्ध २३ झाल्या आणि एकूण आकडा १२१ विरुद्ध ६३. म्हणजे कुणी मिश्र पद्धतीचा मसुदा पुढे केला, तर आधी भरपाईचे कलम शोधावे.

त्यानंतर उंबरठा, म्हणजे यादीतून जागा मिळण्यासाठीची किमान अट. न्यूझीलंडमध्ये पाच टक्के मते किंवा एक मतदारसंघ ही अट आहे. २००८ ला न्यूझीलंड फर्स्ट या पक्षाला ४.०७ टक्के मते मिळूनही शून्य जागा, तर अ‍ॅक्टला ३.६५ टक्क्यांवर पाच, कारण एप्सम हा एक मतदारसंघ त्यांनी जिंकला होता. ही पळवाट मी ठेवणार नाही.

आपल्या २८८ जागांपैकी १९२ थेट आणि ९६ यादीच्या केल्या, तर प्रत्येक मतदारसंघ दीडपट मोठा होईल. ही किंमत खरी आहे. त्यासाठी संविधानाचे कलम १७० बदलावे लागेल, कारण तिथे सर्व आमदार प्रादेशिक मतदारसंघांतूनच निवडायचे असे लिहिले आहे. आणि उंबरठा पाच टक्के ठेवला, तर २०२४ ची मते धरून मनसे आणि वंचित या दोघांनाही यादीतून काही मिळणार नाही. म्हणून उंबरठ्याचा आकडा आधी मागावा, पाठिंबा नंतर द्यावा.