एक्सबॉक्स मागे का पडतो: सांगलीतल्या ग्राहकाच्या नजरेतून

टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनमध्ये (कन्सोलमध्ये) मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स आणि सोनीचा प्लेस्टेशन हे दोन मोठे पर्याय. ताकदीत एक्सबॉक्स सिरीज एक्स कमी नाही. 12 टेराफ्लॉप्स (ग्राफिक्सच्या ताकदीचं माप) विरुद्ध प्लेस्टेशन 5 चे 10.28. तरीही सांगलीत कुणी विचारलं तर आम्ही डिस्कवाला प्लेस्टेशनच सुचवतो.

पहिलं कारण डिस्क. खेळून झालेला गेम विकता येतो, मिरजेच्या मित्राला देता येतो. एक्सबॉक्सचा स्वस्त सिरीज एस डिस्क घेतच नाही, नंतर ड्राइव्ह बसवायचीही सोय नाही. स्लिम प्लेस्टेशनच्या डिजिटल मॉडेलला ड्राइव्ह वेगळा घेऊन जोडता येतो. पहिल्यांदा जोडताना तेवढं इंटरनेट लागतं.

सिरीज एसची खरी गोची मेमरीत आहे. सिरीज एक्सला 16 जीबी, याला 10. आणि नवा गेम दोन्हींवर चालायलाच हवा, हा मायक्रोसॉफ्टचा आग्रह. बाल्डर्स गेट 3 हा गेम प्लेस्टेशनवर सप्टेंबर 2023 मध्ये आला, एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये, कारण एसवर स्प्लिट-स्क्रीन (एकाच टीव्हीवर पडदा विभागून दोघांनी खेळणं) जमेना. शेवटी एसवर ती सोय वगळूनच गेम काढावा लागला.

जागेचंही तसंच. 512 जीबीच्या एसमध्ये गेमसाठी 364 जीबीच उरते. वाढवायची तर एक्सबॉक्सचं खास कार्डच लागतं. यूएसबी डिस्कवर सिरीज एक्स-एससाठी बनलेले गेम साठवता येतात, पण तिथून चालत नाहीत. प्लेस्टेशनमध्ये बाजारातली जेन 4 एम.2 एसएसडी (साठवणीची छोटी, वेगवान पट्टी) बसते. वेग 5,500 एमबी प्रति सेकंद किंवा जास्त बघा, हीटसिंकसकट (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीसकट) जाडी 11.25 मिमीच्या आत हवी. आधी सिस्टीम अपडेट करा, मग बंद करून वायर काढा, मशीन गार होऊ द्या. कव्हर सरकवून काढा, आतल्या झाकणाचा स्क्रू सोडा, स्पेसर (एसएसडीचं टोक टेकतं ती छोटी कडी) एसएसडीच्या लांबीला जुळणाऱ्या भोकावर हलवा, एसएसडी तिरकी घालून स्क्रू लावा. स्पेसर हलवायचा राहिला तर एसएसडी नीट टेकत नाही. स्क्रू दाबून आवळू नका. चालू केल्यावर फॉरमॅट करायला मशीन स्वतःच सांगतं.

आणि फक्त एक्सबॉक्सवर मिळणारे गेम आता उरलेत किती? मायक्रोसॉफ्टचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम फोर्झा होरायझन 5 सुद्धा एप्रिल 2025 मध्ये प्लेस्टेशनवर आला.

जुन्या एक्सबॉक्स 360 च्या डिस्क घरात असतील तर मात्र डिस्कवाला सिरीज एक्सच घ्या. मायक्रोसॉफ्टच्या चालणाऱ्या जुन्या गेमच्या यादीतला गेम असेल तर डिस्क घातली की तो नेटवरून उतरतो आणि चालतो; खेळताना डिस्क आतच ठेवावी लागते. जुन्या प्लेस्टेशन 3 ची डिस्क प्लेस्टेशन 5 वर चालत नाही.