पोटावरचं इंजेक्शन की गोळी?
आईचं केमो चालू असताना पाय सुजला, डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) केलं तर शिरेत रक्ताची गुठळी, कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं हे तेव्हा कळलं. आधी रक्त गोठू न देणारं हेपरिनवालं इंजेक्शन, दिवसातून २ वेळा पोटावर, मीच टोचायचे, काळेनिळे डाग पडायचे आणि परळहून डोंबिवलीला लोकलने येताना वेळ चुकायची ती वेगळीच कटकट. मग अ‍ॅपिक्साबॅनची गोळी, त्याच कामाची, तीही २ वेळा, पण टोचाटोची नाही. फक्त उलटी झाली की गोळी पोटात राहिली का गेली, कोण जाणे! इंजेक्शनला ती भानगडच नाही. आतड्याचा, जठराचा कॅन्सर असेल तर काही गोळ्यांनी रक्तस्राव जास्त होऊ शकतो, तिथे मी इंजेक्शनच म्हणेन. प्लेटलेट घसरले तर दोन्हीचं डॉक्टरांनाच विचारा.