कार्ब सिंकसाठी काय घ्यावं: काट्यांचे गेज, सळ्यांचं कार्बट्यून की साधा लेव्हल पाईप?

स्प्लेंडर, पल्सर, बुलेट, जुनी येझदी यांच्यापैकी काही चालवत असाल तर हा लेख इथेच सोडला तरी चालेल. सिंक म्हणजे सगळे कार्बोरेटर सारखेच उघडतील असे जुळवणं; कार्बोरेटर असलाच तर एकच, मग तो सिंक कुणाशी करणार? इंदूरमध्ये हा प्रश्न पडणारे लोक मोजके आहेत. कुणी २००९ मध्ये आलेली दोन कार्बांची निंजा २५०आर जपून ठेवली आहे, कुणाकडे कायनेटिकच्या जमान्यातली अ‍ॅक्विला किंवा कॉमेट २५० आहे, कुणी जुनी चार सिलिंडरची होंडा अंगणात उघडून बसला आहे. पीथमपूरचे कारखाने शेजारी असल्याने शहरात हात काळे करणारी माणसं पुष्कळ आहेत, पण सिंकचं गेज मात्र फार थोड्यांकडे दिसतं. बहुतेक मिस्त्री कानाने आणि दोन्ही सायलेन्सरमागे तळहात धरून जुळवतात. त्यांचा कान खरोखर तयार असतो, पण बटरफ्लायमधला (कार्बमधल्या हवा सोडणाऱ्या झडपेतला) केसाएवढा फरक तळहाताला कळत नाही.

आणि सगळा खेळ त्या केसाचाच असतो. एका कार्बचं बटरफ्लाय जरा जास्त उघडं राहिलं की तो सिलिंडर जास्त काम करतो आणि दुसरा त्याच्यामागे फरफटतो. आयडलिंग एका जागी ठरत नाही, कमी आरपीएमला हँडलमध्ये झिणझिण्या येतात, थ्रॉटल सोडला की गाडी फटफट करते. बटरफ्लायच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, जो व्हॅक्युम तयार होतो तो सिलिंडरागणिक मोजून सारखा करायचा, एवढंच हे काम. मिश्रण पातळ आहे की जाड, ते यातलं कुठलंही हत्यार सांगत नाही.

ऑनलाइन पहिल्यांदा दिसतात ते काट्यांचे गेज, दोनचा किंवा चारचा संच, सोबत रबरी नळ्या आणि पितळी जोडण्या. दिसायला देखणे आणि भावही परवडणारा. पण जोडल्याबरोबर काटा असा थरथरतो की आकडा वाचताच येत नाही. कारण सोपं आहे. १३०० आरपीएमला फोर-स्ट्रोक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढतो, म्हणजे काट्याला सेकंदाला जवळपास अकरा झटके बसतात. त्यासाठी नळीत बारीक कॉक असावा लागतो. संचात नसेल तर माशांच्या टाकीच्या हवेचा प्लास्टिकचा कॉक चालतो. तो इतकाच आवळायचा की काटा शांत होईल, पण मेलेला नसेल. थ्रॉटलला हलकासा झटका दिल्यावर काटा खाली येऊन परत वर गेला पाहिजे. जागचा हललाच नाही तर कॉक बंद झालाय, आणि तुम्ही मघाचा आकडा वाचताय.

दुसरी भानगड अचूकतेची. स्वस्त संचातले दोन गेज एकाच पोर्टवर (व्हॅक्युमची नळी जोडायच्या तोंडावर) लावले तरी आकडे वेगळे दाखवू शकतात. बऱ्याच मॅन्युअलांत सिलिंडरांमधला फरक पाऱ्याच्या २ सेंटिमीटरच्या आत ठेवा असं सांगितलेलं असतं. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, त्यामुळे इंचाच्या डायलवर ही सगळी मुभा एका घराएवढीसुद्धा भरत नाही. तेवढी चूक गेजमध्येच असली तर तुम्ही कार्ब जुळवत नाही, गेजची चूक इंजिनात उतरवता. उपाय आहे: एका टी-जोडणीने दोन्ही गेज एकाच पोर्टवर लावायचे, फरक कागदावर लिहायचा आणि मग कामाला लागायचं. ज्याला एवढं करायचा कंटाळा आहे त्याने स्वस्तातला संच घेऊ नये.

काट्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र नक्की बोलते. तो फरकाबरोबर प्रत्यक्ष व्हॅक्युमही दाखवतो. एकच सिलिंडर कायम कमी दाखवत असेल तर इनटेक रबर फाटलंय किंवा टॅपेट आवळलेत असा संशय लगेच घेता येतो. फक्त परक्या आकड्यांच्या मागे लागू नका. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचाच दाब पाऱ्याच्या ७६ ऐवजी ७१ सेंटिमीटरच्या आसपास असतो. मुंबईच्या कुणा मित्राने सांगितलेला आकडा तुमच्या गेजवर चार-पाच सेंटिमीटर कमीच दिसेल. गाडी ठीक आहे.

आता माझ्या आवडीचं हत्यार: तेल भरलेली यू आकाराची नळी. गवंडी दोन भिंतींची पातळी बघायला जो पारदर्शक पाईप वापरतो, तीच युक्ती. इंदूरच्या सियागंज बाजारात मागितला तर दुकानदार सरळ विचारतो, "भिया, कितनी मंजिल का काम है?" चार-पाच मीटर घ्यायचा, फळीवर यू आकारात बांधायचा, तळाशी टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल भरायचं आणि दोन टोकं दोन पोर्टांना जोडायची. पोर्ट बारीक असतात, म्हणून तिथे माशांच्या टाकीची बारीक नळी आणि मध्ये एक रिड्यूसर. ज्या बाजूला व्हॅक्युम जास्त, त्या बाजूला तेल चढतं. कार्बांमधला जुळवणीचा स्क्रू फिरवून दोन्हीकडची पातळी एक केली की काम झालं.

हिची खरी ताकद हलक्या तेलात आहे. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, तेल पाण्याहूनही थोडं हलकं. त्यामुळे पाऱ्याच्या एका सेंटिमीटरचा फरक तेलात पंधरा-सोळा सेंटिमीटर होऊन समोर उभा राहतो. डायलवर डोळे बारीक करून जे शोधावं लागतं ते इथे वीत-वीतभर दिसतं. शिवाय दोन गेज आपसात जुळतात का हा प्रश्नच नाही, कारण मोजणारी नळी एकच.

पण हाच गुण अंगावर उलटतो. कार्ब फारच बिघडलेले असले तर दोन-तीन सेंटिमीटरचा फरक म्हणजे अर्धा मीटर तेल, आणि ते थेट इंजिनात ओढलं जाऊ शकतं. टू-टी ऑइल असल्यामुळे पांढरा धूर आणि खराब प्लगवर भागतं. पाणी भरायचा मोह मात्र टाळा. सुरक्षित मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंना मध्ये एकेक रिकामी घट्ट बाटली, म्हणजे चढलेलं तेल तिथे अडतं. इंजिन सुरू करताना दोन्ही कॉक बंद ठेवायचे, मग हळूहळू सोबतच उघडायचे. आधी कानाने ढोबळ जुळवून घेतलं तर तेल पळत नाही. दोन सिलिंडरच्या गाडीला मी याहून महाग काही सुचवणार नाही. सगळं मिळून खर्च काही शे रुपयांत भागतो.

चार सिलिंडरला मात्र ही नळी दमवते. अशा इंजिनात साधारण आधी एक-दोन, मग तीन-चार, आणि शेवटी मधल्या स्क्रूने दोन्ही जोड्या एकमेकींशी जुळवायच्या असतात. प्रत्येक वेळी तापलेल्या इंजिनात हात घालून नळ्या बदलायच्या. तिथे चार स्तंभ एकाच वेळी डोळ्यांसमोर हवेत. त्यासाठी बेलफास्टमध्ये बनणारं मॉर्गनचं कार्बट्यून मला सर्वांत पटतं. त्यात पारा नाही, तेल नाही. स्टेनलेस स्टीलच्या सळ्या नळ्यांत वर चढतात, त्यामुळे इंजिनात ओढलं जाण्यासारखं काही नसतं. वापरताना ते उभं टांगावं लागतं, आणि बाहेरून मागवायचं तर टपाल आणि कस्टम ड्यूटी धरून भाव चांगलाच चढतो. एका गाडीसाठी ते जड जातं. चार मित्रांत मिळून घ्या. मोशन प्रोचं निळ्या द्रवाचं यंत्रही चार स्तंभांचं आहे, पण द्रव आला की ओढला जायची धास्तीही आली.

पाऱ्याचे जुने मॅनोमीटर कुठे सेकंडहँड मिळाले तरी नको. सांडलेला पारा घरातून निघत नाही, गरम इंजिनात गेला तर वाफ होते आणि अ‍ॅल्युमिनियमला तो खातो. पाऱ्यावरच्या मिनामाता करारावर भारतानेही २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. ट्विनमॅक्ससारखी इलेक्ट्रॉनिक यंत्रं दोन सिलिंडरांतला फरक दाखवतात, काम छान करतात. पण तेच काम लेव्हल पाईप करत असताना त्यावर पैसे का घालावेत, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

आरडी ३५० वाल्यांनी यातलं काहीच घेऊ नये. टू-स्ट्रोकला हा मार्ग नीट लागू पडत नाही. तिथे कार्बच्या तोंडातून दोन्ही स्लाइड (वरखाली सरकणाऱ्या झडपा) बघायच्या, त्यांच्याखाली एकाच मापाचे ड्रिल बिट ठेवून केबल जुळवायच्या.

हत्यार कुठलंही असो, टॅपेट, प्लग आणि एअर फिल्टर आधी बघून घ्या. इंजिन पूर्ण गरम हवं, पण एअर-कूल्ड गाडीसमोर टेबलफॅन लावा. मे महिन्यात हे काम सकाळी सातच्या आत उरकलेलं बरं, आणि बंद गॅरेजात तर अजिबात नको, धूर जीवघेणा असतो. टाकी काढावी लागली तर पेट्रोलची तात्पुरती बाटली सायलेन्सरपासून लांब टांगा. पेट्रोल कॉक व्हॅक्युमवर चालणारा असेल तर त्याची मोकळी झालेली नळी बुजवा, नाहीतर तिथूनच हवा शिरेल आणि आकडे खोटे येतील. ऑर्डर देण्यापूर्वी आपल्या गाडीचे पोर्ट रबरी टोपीचे आहेत की स्क्रूचे, आणि स्क्रूचे असतील तर आटे ५ मिलिमीटरचे की ६ चे, हे एक स्क्रू काढून हातात घेऊन बघा. संचातल्या पितळी जोडण्या बसल्या नाहीत तर महागाचं यंत्रही खोक्यातच राहतं.