बंपर घरी रंगवावा की पेंटरकडे द्यावा?

भुसावळहून मावसभावाने खरचटलेल्या बंपरचा फोटो पाठवून विचारलं, "दादा, स्प्रे कॅनने घरीच रंग मारू का पेंटरकडे देऊ?"

तयारी दोन्हीकडे तीच, आणि रंग टिकतो तो तिच्यावरच. बंपरच्या आतल्या बाजूला 'पीपी' असा शिक्का असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्यावर रंग सहज धरत नाही. आधी साबणाने धुवायचं, पॉलिशचा तेलकटपणा काढायचा, मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी घालत चमक जाईपर्यंत घासायचं आणि वर प्लास्टिकसाठीचा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा आधीचा थर. मी आरशाच्या कव्हरला हा प्रायमर लावलाच नव्हता. प्रेशरने गाडी धुताना रंग केळीच्या सालीसारखा सुटून हातात आला.

खर्चात कॅन स्वस्त, पण प्रायमर, रंग, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) असे वेगवेगळे घ्यावे लागतात. मेहनतही तुमचीच.

टिकाऊपणात पेंटर पुढे. त्याचा हार्डनर (थर कडक करणारं रसायन) घातलेला क्लिअर पेट्रोलला दाद देत नाही. साध्या कॅनचा मऊ पडतो. मात्र त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, श्वासाला घातक. तो घरात मारूच नका.

आणि आपलं ऊन! मे महिन्यात दुपारी रंग हवेतच वाळतो, हाताला रवाळ लागतो. सकाळी सातला, वारा नसताना, सावलीत पातळ हात मारा.

आरशाचं कव्हर, व्हीलकॅप, काळी जाळी घरी खुशाल करा. पूर्ण बंपर, त्यातही मेटॅलिक रंगाचा, पेंटरकडेच द्या. शेजारच्या पत्र्याशी छटा जुळवणं कॅनला जमत नाही.