ब्रिटानिकाची पहिली आवृत्ती: आठ महिने वापरल्यावर

एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या पहिल्या आवृत्तीचे तिन्ही खंड जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घरी आणले, त्याला आठ महिने झाले. मूळ छपाई एडिंबराची, १७६८ ते १७७१. माझी प्रत १९६८ साली, द्विशताब्दीनिमित्त काढलेली, हुबेहूब. पानांवरचे तपकिरी डाग बघून आधी जीव चुकचुकला. जुन्या पानांवरचे डागसुद्धा तसेच छापलेत, हे नंतर कळलं.

पहिला महिना डोळे बसवण्यात गेला. त्या छपाईत शब्दातला ‘एस’ बहुतेक ठिकाणी ‘एफ’सारखा दिसतो, फक्त आडवी रेघ उभ्या दांडीच्या पलीकडे जात नाही. आता अडखळायला होत नाही.

या कोशाची खरी गंमत त्याच्या रचनेत आहे. इंग्रज कोशकार इफ्रेम चेंबर्सनं त्याआधी, १७२८ मध्ये, लंडनला काढलेल्या ‘सायक्लोपीडिया’त विषय अक्षरवारीत विखुरलेले आणि ‘अमुक पाहा’ म्हणून एकमेकांना जोडलेले. ब्रिटानिकाचा संपादक विल्यम स्मेली कामाला लागला तेव्हा होता अठ्ठावीस वर्षांचा, मानधन दोनशे पौंड. या कोशात छोट्या नोंदी आहेतच, पण मोठी शास्त्रं सलग, एका जागी मांडलेली आहेत. माझं काम हिशेबाचं, म्हणून ‘बुक-कीपिंग’ तीनदा वाचलं. कच्ची वही, तिच्यावरून तारीखवार रोजकीर्द, रोजकीर्दीवरून खातेवार खतावणी: आमच्या पेढीवर जुन्या मुनीमजींनी मला शिकवलेला क्रम तिथे तसाच सापडला आणि मी बराच वेळ त्या पानावर थांबलो.

उणिवा आहेत, आणि मोठ्या आहेत. पहिल्या खंडात फक्त ए आणि बी, उरलेली चोवीस अक्षरं दोन खंडांत कोंबलेली. शंभर साप्ताहिक अंकांत काम उरकायचं होतं. सुरुवातीचा सढळ हात पुढे आखडलेला पानोपानी जाणवतो. चरित्रं नाहीतच. आणि ‘वुमन’ची नोंद? माणसाची मादी, ‘होमो’ (लॅटिनमध्ये माणूस) पाहा. संपलं. त्याच कोशात प्रसूतिशास्त्रावर सविस्तर, सचित्र लेख असताना ही एक ओळ मला फार लागली.

अँड्र्यू बेलनं तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली १६० चित्रं मात्र भिंग घेऊन बघावीत. भर दुपारी, खिडकीपाशी. पिवळ्या दिव्यात त्या बारीक रेघा एकमेकींत मिसळून जातात.

झटपट माहिती हवी असेल तर घेऊ नका. एकेक विषय महिनाभर पुरवून वाचणार असाल तर जरूर घ्या. माझं ‘ॲनाटमी’ अजून चालू आहे.