जीपचा कल काढायला गेलो आणि जुनेच पाटे नवे म्हणून गळ्यात पडले

बेळगाव-खानापूर भागात उंच केलेल्या जीपा भरपूर आहेत. जांबोटी-कणकुंबीचा पावसाळा ज्याने पाहिलाय, त्याला कारण सांगायला नको. अशा पाट्यांच्या (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांच्या) गाड्या बऱ्याचदा एका बाजूला कलतात. तो कल काढून देतो म्हणून माझी जी फसवणूक झाली, तिची पद्धत इथल्या प्रत्येक जीपवाल्याला ठाऊक असावी, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी महिंद्रा एमएम ५४० मी घेतली तेव्हाच उंच केलेली होती. मागून उजवी, म्हणजे ड्रायव्हरची बाजू सव्वा इंच खाली दिसायची. शहरातल्या एका गॅरेजात दाखवली. मिस्त्री गाडीखाली वाकला आणि लगेच म्हणाला, "दादा, उजवा पाटा बसलाय. एक बदलून चालत नाही, जोडीच घालूया. नवीन घातलं की परत बघायला नको." टेप लावली नाही, टायरची हवा तपासली नाही. मजुरीसकट २८,००० रुपये सांगितले. पक्कं बिल मागितलं तर "टॅक्स वर पडंल की" म्हणाला. निदान कागदावर तरी लिहा म्हटल्यावर त्याने 'मागील पाटे नवीन जोडी' आणि रक्कम लिहून सही केली. पुढे तोच कागद कामाला आला.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा त्याच्या अंगणात अगदी सरळ उभी होती. पाटे काळेभोर, रंगाचा वास येत होता. घरी फरशीवर लावली तर थोडा कल दिसलाच. त्यावर उत्तर आलं, "नवीन पाटे आहेत, बसायला वेळ द्या." नवे पाटे थोडे बसतात हे खरंच आहे. पण दोन्ही बाजूंनी सारखे बसतात, एकाच बाजूने नाही.

कल वाढतच गेला. चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबीच्या अलीकडे उजवा मेन पाटा, म्हणजे सगळ्यांत लांब मुख्य पट्टी, मोडला. चढ होता, वेग कमी होता, म्हणून निभावलं. मेन पाटा नुसतं वजन पेलत नाही, अ‍ॅक्सल (चाकांचा आडवा दांडा) जागेवर धरून ठेवायचं कामही त्याचंच. तो मोडला की अ‍ॅक्सल मागेपुढे सरकतो आणि गाडी तिरकी ओढते. हेच उतारावर, पोरंबाळं मागे बसलेली असताना झालं असतं तर काय, हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

गाडी टेम्पोत घालून निपाणीला ट्रकचे पाटे करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे नेली. त्या मामांनी पाटे सुटे केले आणि एकेक दाखवत गेले. रंगाखाली पाटे एकत्र बांधणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं जुन्या गंजाने खाल्लेलं. पाट्यांच्या टोकांखाली वर्षानुवर्षं घासून पडलेल्या खाचा. आणि दोन पाट्यांच्या मधल्या, रंग न पोचलेल्या जागी निळे-जांभळे पट्टे. माझेच पाटे गॅसने तापवून, ठोकून कमान चढवली होती आणि वरून रंग मारला होता. पाट्याचं पोलाद पाणी दिलेलं, म्हणजे तापवून-निववून कणखर केलेलं असतं. ते लाल होईपर्यंत तापवून उघड्यावर निवू दिलं की त्याचा ताठरपणा जातो, मग पाटा बसतो नाहीतर मोडतो. कमान चढवायचीच असेल तर थंड पाट्यावर, नाहीतर भट्टीत पुन्हा रीतसर पाणी देऊन.

आणखी एक चीज निघाली. उजव्या बाजूचं शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला (बॉडीखालच्या सांगाड्याला) जोडणारा हलता दुवा, डाव्यापेक्षा लांब होतं. शॅकल दोन इंच वाढवलं की गाडी साधारण एक इंच उचलली जाते. म्हणजे गाडी सरळ दिसावी एवढीच सोय. शिवाय उजव्या टायरात हवा ठासून भरलेली आणि मिस्त्रीच्या अंगणाला पाणी जायला उतार, गाडी बरोबर त्या उतारावर आडवी लावलेली.

मामांनी खरोखर नवी जोडी, सारखी शॅकलं बसवली. पाट्यांच्या टोकांतल्या रबरी बुशांचे बोल्ट त्यांनी चाकं जमिनीवर टेकल्यावरच आवळले, कारण चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि त्यानेही गाडी कलते. मग अ‍ॅक्सल ते चेसिस मोजलं तर दोन्हीकडे सारखं. तरी बॉडी उजवीकडे! बॉडी आणि चेसिसच्या मधली उजवीकडची रबरं चेपून वडी झाली होती, खालची पट्टीही गंजलेली. माझे मूळ पाटे कदाचित बिघडलेलेच नव्हते. त्या मिस्त्रीने धडके पाटे जाळले, याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे.

तेव्हा कुणीही पाटे बदला म्हटलं की आधी समोर मोजायला लावा. गाडी रिकामी, चारही टायरांत सारखी हवा, जागा पाणसळ लावून तपासलेली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत एक माप, अ‍ॅक्सलपासून चेसिसपर्यंत दुसरं. पहिल्यात फरक आणि दुसऱ्यात नाही, तर दोष पाट्यांत नाही, वर आहे. कल पुढून येतोय की मागून, हे पुढचा क्रॉस मेंबर (चेसिसची आडवी पट्टी) मधोमध जॅकवर घेऊन कळतं: तरीही मागे कल राहिला तर दोष मागचा. गाडी सोडण्याआधी पाट्यांवर खिळ्याने खूण करा, काढलेले जुने पाटे परत मागा.

मी फोटो घेऊन गेलो तर मिस्त्रीने धमकावलं, "तक्रार करा, उंच गाडी म्हणून आरटीओ तुम्हालाच धरंल." मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधन आहे हे खरं, आणि ते माझं मी निस्तरेन. पण त्याने जुना माल नवा म्हणून विकला ही बाब वेगळी. याच भीतीने गप्प बसलेले दोघे मला नंतर भेटले. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. त्याला दोन वर्षांची मुदत असते. मोडलेला पाटा, फोटो आणि सहीचा कागद जपून ठेवलाय. आपल्या भागात आणखी कुणाशी असं झालं असेल तर पाटे भंगारात देऊ नका.